अक्रोडी रंगाचे सहा स्टँड

३ नोव्हेंबर, सकाळी ८.२०
ही गेली. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन, म्हणजे तीन आठवडे घर माझ्या ताब्यात. दारात उभं राहून एकच सूचना, तीही तीनदा: बाल्कनीतल्या बोन्सायना रोज सकाळी पाणी, बाकी कशालाही हात लावायचा नाही. एकतीस वर्षं कंपनीचं स्टोअर सांभाळलेल्या माणसाला सहा कुंड्यांबद्दल तीनदा सांगतात.
झाडं सासऱ्यांची. ते गेल्यावर हिने माहेरचं दुसरं काही मागितलं नाही. फक्त ही झाडं, आणि त्यांच्याखालचे लाकडी स्टँड. तेही सासऱ्यांनी स्वतः केलेले.

४ नोव्हेंबर
पाणी घातलं. सहा मिनिटं लागली. ह्यात कसलं आलंय कौशल्य.
स्टँड नीट पाहिले. उन्हापावसाने राखाडी पडलेत, कडा फुटल्यात. सासऱ्यांना झाडांतलं कळत असेल, लाकडातलं शून्य. ठरलं. सगळे घासायचे, स्टेन म्हणजे लाकडात मुरणारा रंग लावायचा, वर वॉटरप्रूफ कोट. परत आल्यावर ही बाल्कनीत थबकलीच पाहिजे.
लग्नात चारचौघांत सासरे म्हणाले होते, जावईबापू हात लावतील ते चिकट होतं. सरबताचा एक ग्लास सांडला होता, एवढंच. मी ते केव्हाच विसरलो.

५ नोव्हेंबर
रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदार विचारतो, आधी कधी केलंय का. म्हटलं, असे शेकडो डबे माझ्या सहीने गेलेत. त्याने न विचारता सल्ले दिले: हात पातळ मारा, दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्या, खालची बाजू सोडू नका, ओल खालूनच चढते. सागवानी रंग घ्या म्हणाला. मी गडद अक्रोडी घेतला. सगळं त्याचंच ऐकायचं तर आपली अक्कल काय गहाण टाकायची?

६ नोव्हेंबर
झाडं बाथरूममध्ये हलवली. तात्पुरती. तिथे ओलावा असतोच, त्यामुळे वेगळं पाणी घालायला नको. हे हिला कधी सुचलं नसतं.
त्यातलं जुनिपरचं झाड उचलताना कंबर धरली. वय अडतीस वर्षं, उंची माझ्या गुडघ्याएवढी. आणि कौतुक केवढं.

७ नोव्हेंबर
घासकाम. आधी १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०. स्टँड उलटे केले तर खाली सगळीकडे पेन्सिलीची गिचमिड. तारखा, बाण, आकडे. मापं असणार. काम कच्चं असलं की मापं लिहून ठेवावी लागतात. जुनिपरच्या स्टँडखाली तर बोटभर जागा सोडली नव्हती, तीन पेपर खर्ची पडले. आता सगळं कोरं करकरीत.
हिचा फोन. झाडं कशी आहेत? म्हटलं, मजेत. सासूबाईंची चौकशी करायची राहून गेली.

८ नोव्हेंबर
खालची बाजू आधी. कोण बघणार आहे म्हणून पातळ मारली. वरून मात्र सढळ हाताने. पातळ हात म्हणजे तेच काम दोनदा.

१० नोव्हेंबर
खालची बाजू खडखडीत वाळली. वरची चिकट आहे. हवा दमट.

११ नोव्हेंबर
अजून चिकट. एक माशी आणि दोन केस चिकटले. केस माझे, आणि मला ते परवडणारे नाहीत. दुसरा हात वरूनच मारून टाकला. दोन्ही एकदम वाळतील.

१३ नोव्हेंबर
भुरभुर पाऊस. स्टँडवर देवीसारखे वण. दुकानदाराकडे गेलो. म्हणाला, सगळं खरवडून पहिल्यापासून करा, आणि पुढे पुटपुटला की काही लोकांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. गिऱ्हाइकाशी बोलायची ही पद्धत? खरवडलं नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१५ नोव्हेंबर
जुनिपरची टोकं तपकिरी झालीत. पानगळ असावी. हे झाड बारा महिने हिरवं असतं असं ही म्हणते, पण निसर्गापुढे कोणाचं चाललंय.
संध्याकाळी हिचा फोन. ऑपरेशनपासून सासूबाई गोंधळल्यात, सासऱ्यांचं नावसुद्धा आठवत नाही म्हणे. बोलता बोलता ही रडली. म्हणाली, बाबांचं जपण्यासारखं आता तेवढंच राहिलंय, बाल्कनीत आहे ते. मी विषय बदलला. सरप्राइज फुटलं असतं.

१८ नोव्हेंबर
झाडांना पाणी घातलं. मागची सगळी बाकी भरून काढली. वरून घातलं की लगेच खालून बाहेर. माती पाणीच धरत नाही. हिचं मातीकडे लक्ष नाही, हे बोलायला हवं.

२२ नोव्हेंबर
सगळीकडून वॉटरप्रूफ कोट. आता आरशासारखे चमकतात. झाडं वर ठेवली. जुनिपरची कुंडी जरा सरकवायला गेलो तर हलेना. स्टँडला चिकटलीय. उत्तम. वादळातसुद्धा पडणार नाही.

२४ नोव्हेंबर, दुपारी
ही आली. बाल्कनीत थबकली. म्हटलं, बघ.
स्टँडकडे पाहिलंच नाही. जुनिपरची साल नखाने खरवडली. आत थोडं हिरवं होतं. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली की वाचेल, एकदा असंच सुकलेलं बाबांनी वाचवलं होतं, कोणती मुळं ठेवली, पाणी कसं वाढवत नेलं, सगळं लिहून ठेवलंय.
कुंडी सोडवायला मला स्वयंपाकघरातली सुरी आणावी लागली. हिने स्टँड उलटा केला. मला वाटलं फिनिशिंग बघतेय. म्हणून सांगितलं की खालची बाजू सगळ्यात छान झालीय.
हिने तळहात फिरवला. मग बाकीचे पाचही स्टँड एकेक करून उलटे केले.
"बाबा म्हणायचे, कागद हरवतात, स्टँड कुठे जात नाही."
मी म्हटलं, मला वाटलं मापं आहेत. हिने विचारलं, वाचलं होतंत का? म्हटलं, चष्मा आत होता.
ही भांडली नाही. भांडली असती तर माझी उत्तरं तयार होती.

२५ नोव्हेंबर, सकाळी ७.००
उठून पाहतो तर ही बाल्कनीत जमिनीवर बसलेली. जुनिपरचा स्टँड मांडीवर पालथा, हातात पेन्सिल. आठवेल तेवढं पुन्हा लिहू बघत होती. पेन्सिल उमटत नव्हती. शिसं नुसतं घसरत होतं. कोट पक्का लागलाय.
मी आत जाऊन १२० नंबरचा पेपर आणला. म्हटलं, थोडं घासून देतो, मग उमटेल.
"असू द्या," ही म्हणाली. "मला आठवतायत त्या तीनच ओळी."
पेपर घडी घालून खिशात ठेवला. बोटांना अजून अक्रोडी रंग आहे, निघत नाही. सासऱ्यांचं ते वाक्य मी एक दिवसही विसरलो नव्हतो.