पपांच्या कपाटातला कागद

नोयहोफ, १४ जून २०१६

प्रिय कोर्नी,

हेलेनेने पाठवलेले पाव मिळाले. चार मी खाल्ले, दोन शेजारच्या टीनाला दिले. तिला सांग, या वेळी मीठ बरोबर पडलंय. दक्षिणेचा थंड वारा सुटल्यापासून गुडघे कुरकुरतात, पण शेंगदाणा वेळेत घरात आला, पाण्याचं टाकं अर्ध्याहून जास्त भरलेलं आहे, तेव्हा तक्रार करायला जागा नाही. तू म्हणशील, दोन मैलांवर राहणारी बहीण पत्र कशाला लिहिते? समोर बसून काही सांगायला घेतलं की तू मध्येच ‘अगं, पण युस्तिना’ म्हणतोस आणि मी गप्प बसते. साठ वर्षांची सवय आहे ही, आता मोडायची नाही. कागद मध्ये बोलत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

मला एल्डन बुलरबद्दल लिहायचं आहे. लगेच कपाळाला आठी घालू नकोस. तो दुसऱ्यांदा इथे आला तेव्हा तू जर्मनीत शिकत होतास, आणि परतलास तेव्हा लकव्याने पपांची उजवी बाजू गेलेली होती, एल्डन निघून गेलेला होता. तुझ्या वाट्याला आली ती गावाने सांगितलेली गोष्ट. मी तिथे होते, आणि तरी मी तुला कधी काही सांगितलं नाही.

त्याला मी पहिल्यांदा पाहिलं ते १९५९ साली. मी चौदाची होते. बंदूक उचलायला नकार दिलेली कॅन्ससची पोरं राजधानीपासून, असुन्सिओनपासून, आपल्यापर्यंतचा रस्ता बांधायला आली होती, त्यांतला तो एक. यंत्रावर बसून दिवसभर माती सपाट करायचा आणि रविवारी धुळीने पिवळ्या झालेल्या भुवया घेऊन उपासनेला यायचा. आपल्याच बोलीत बोलायचा, पण त्याच्या आजोबांच्या काळातली. ममाला त्याने ‘पूज्य गृहिणी’ म्हटलं तेव्हा तिला हसू आवरेना. दोन वर्षांनी तो घरी गेला आणि वकिलीच्या शिक्षणाला लागला.

त्याच्या घरी काय झालं असेल त्याची कल्पना कर. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपल्यात तर धर्मवचनच. त्याचे वडील चर्चचे पाळक. त्यांनी विचारलं, “दोन भाऊ भांडले तर तू त्यातल्या एकाकडून पैसे घेणार?” एल्डन म्हणाला, “ज्याला भांडताही येत नाही त्याच्याकडे जाणार. त्याच्याकडे पैसे नसतातच.” वडील वर्षभर त्याच्याशी नीट बोलले नाहीत. हे त्याने मला फार नंतर सांगितलं, हसत हसत. पण ते वर्ष त्याच्या आत कुठेतरी राहून गेलं होतं. पुढे तो सैन्यात जायला नकार देणाऱ्या पोरांच्या बाजूने उभा राहिला, मग होंडुरासमध्ये निर्वासितांचे कागद करत बसला, आणि १९८० साली आपल्या मंडळीच्या सेवासंस्थेने त्याला इथे पाठवलं. एक पेटी, एक कोट, आणि डोक्यावरचे निम्मे केस गेलेले.

त्याचं काम होतं इथल्या मूळच्या एन्लेत लोकांच्या जमिनीचे कागद करून देणं. वसाहतीतल्या लोकांना ते विचित्रच वाटलं. आपण त्यांना शाळा दिली, दवाखाना दिला, शेतावर काम दिलं. आता हा उपरा वकील आणखी काय देणार? पण एल्डनने सुरुवातीचे सात महिने काही मागितलंच नाही. तो हाकोबो आणि त्याच्या एन्लेत माणसांच्या वस्तीवर जाऊन बसायचा, माटेच्या थंड, कडू चहाचा पेला हातोहात फिरायचा त्यात याचाही हात. त्यांची भाषा शिकायचा आणि चुकला की बायका ओंजळीत तोंड लपवून हसायच्या. हाकोबोची आई तेव्हा नव्वदीची असेल. ती काठी टेकत त्याला काटेरी रानातून फिरवायची: इथे माझी बहीण पुरली, इथे आम्ही पाऊस नसताना पाणी काढत होतो, इथे माझा हा जन्मला. तो सगळं नकाशावर टिपायचा. एकदा त्याने तो नकाशा माझ्या टेबलावर पसरला. आपल्या नकाशात जिथे पांढरी, रिकामी जागा होती तिथे एकशेचाळीस नावं होती. मी इतकी वर्षं वसाहतीच्या कचेरीत टाइपरायटरवर बसून त्या जागेला ‘पडीक’ लिहीत आले होते.

कचेरीत तो रोज यायचा. मी त्याचे स्पॅनिश अर्ज टाइप करून द्यायचे, तो मला इंग्रजी शिकवायचा. पपांनाही तो आवडायचा, हे तुला कुणी सांगितलं नसेल. रविवारी दुपारी कॉफीला यायचा. कलिंगड आणि तळलेल्या पोळ्या घेऊन दोघे ओसरीवर बसायचे आणि बायबलवर वाद घालायचे. पपा म्हणायचे, “वकील आहेस, पण ऐकून घेतोस. असा वकील मी पाहिला नाही.” एल्डन म्हणायचा, “तुम्ही दुसरा कुठलाच पाहिलेला नाही.” पपा खदखदून हसले की खुर्ची करकरायची. ममा गेल्यानंतर ते हसू मी तेव्हाच ऐकलं.

मग त्या विहिरीचा प्रश्न आला. पोट सुटलेली ती तीन मोठी झाडं आहेत ना, त्यांच्याजवळची. वसाहतीला तिथे गुरांसाठी कुंपण घालायचं होतं. हाकोबो म्हणत होता की आपले आजोबा रशियातून आले, टायफॉइडने माणसं मरत होती, तेव्हा त्याच्या बापाने त्यांना ते गोडं पाणी दाखवलं. त्या बदल्यात आजोबांनी लिहून दिलं होतं की ही जमीन तुमचीच राहील. असुन्सिओनला तोवर नवा कायदा झाला होता. असा कागद असेल तर एन्लेत लोकांच्या नावावर जमीन होऊ शकत होती. एल्डनने सभेत उभं राहून, अगदी नम्रपणे, पपांना विचारलं, “गेरहार्डकाका, असं काही लिहिलेलं तुमच्याकडे आहे का?”

वसाहतीचे प्रमुख म्हणून पपा मधल्या खुर्चीवर होते. त्यांनी खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाले, “नाही.”

मी सभेचा वृत्तांत लिहीत होते. मी ‘नाही’ लिहिलं. कोर्नी, तो कागद त्यांच्या कपाटात होता. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याच सांगण्यावरून मी ते कपाट लावलं होतं आणि कागद माझ्या हाताने निळ्या पाकिटात ठेवला होता. आजोबांचं अक्षर, १९३१ साल, खाली दोन अंगठे. “हे पाणी यांनी आम्हाला दाखवलं. विहीर आणि भोवतालची तासाभराच्या चालीची जमीन यांची. आम्ही तिथे कुंपण घालणार नाही.” पाकीट पाहून पपा तेव्हा म्हणाले होते, “राहू दे तिथेच.”

ते वाईट नव्हते. तीस घरांची पोरं मोठी होत होती, त्यांना जमीन हवी होती, आणि सगळे पपांच्या तोंडाकडे बघत होते. पण आपण शपथ घेत नाही, कारण आपला साधा शब्दच शपथेइतका खरा असायला हवा, हे त्यांनीच आपल्याला शिकवलं. त्या दिवसानंतर तीन दिवस मला जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी पपा कापसाच्या गोदामावर गेले असताना मी माझ्याकडच्या किल्लीने कपाट उघडलं, पाकीट एप्रनच्या खिशात घातलं आणि एल्डनच्या खोलीवर गेले.

त्याने वाचलं. कागद घडी करून परत पाकिटात ठेवला. मग म्हणाला, “युस्तिना, हा मी वापरला तर तुझ्या घराचं काय होईल, याचा विचार केलास?” मी म्हटलं, “हाकोबोच्या घराचं काय होईल त्याचा केला.” मोठं शूर वाक्य होतं. माझ्या आयुष्यातलं शूर असं तेवढंच.

तीन महिन्यांनी असुन्सिओनहून नोटीस आली आणि सगळ्यांना कळलं. चर्चमध्ये मंडळीची सभा भरली. आज तू मंडळीचा प्रमुख वडील आहेस, त्या जागेवर तेव्हा जुने दुएकवडील होते. त्यांनी एल्डनला पुढे बोलावून विचारलं, “कागद तू कपाटातून काढलास?” तो म्हणाला, “कागद माझ्याकडे आहे.” “कुणी दिला?” “ते मी सांगणार नाही.” “म्हणजे चोरलास.” यावर तो गप्प राहिला. ‘चोरला’ म्हणणं खोटं झालं असतं आणि ‘नाही’ म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न माझ्यावर आला असता, आणि त्याच्या पुढचा पपांवर. कागद मुलीला माहीत होता तर बापाला कसा नव्हता? जन्मभर दुसऱ्यांची बाजू मांडलेला माणूस स्वतःची वेळ आली तेव्हा हात बांधून उभा राहिला. पपा मान खाली घालून बसले होते. मी बायकांच्या बाजूला, तिसऱ्या बाकावर होते. उठून पुढे जायला मला चार पावलं लागली असती.

त्याला प्रभुभोजनाला बंदी झाली आणि आठ दिवसांत वसाहत सोडायला सांगितलं. जाण्याच्या दिवशी मी बसपाशी गेले. तिथे त्याने मला विचारलं. काय ते तू समजून घे; तू साठ वर्षांचा आहेस. मी म्हटलं, पपा एकटे आहेत. तो म्हणाला, “मी वाट बघतो असं म्हणणार नाही. तुला त्याचं ओझं होईल.” मग त्याने माझा हात हातात घेतला, निरोपाला लागतो त्यापेक्षा थोडा जास्त वेळ धरून ठेवला, आणि बसमध्ये चढला.

दीड वर्षांनी विहीर आणि ती जमीन हाकोबोच्या लोकांच्या नावावर झाली. त्यानंतरचं एल्डनचं आयुष्य मला त्याच्या पत्रांतून माहीत आहे. हो, पत्रं येत होती, दर नाताळच्या आधी एक. अकरा वर्षं असुन्सिओनच्या कचेऱ्यांच्या बाकांवर तो लोकांचे अर्ज घेऊन बसला. मग बोलिव्हिया. तिथे लोइस नावाच्या परिचारिकेशी लग्न केलं. चांगली बाई होती, तीही खाली दोन ओळी लिहायची. एक खटला तो हरला आणि चाळीस घरं रस्त्यावर आली, तेव्हा त्याचं पत्र चार ओळींचं होतं. लोइस सहा वर्षांपूर्वी गेली. आता तो कॅन्ससला बहिणीच्या शेजारी राहतो, गावातल्या परदेशी मजुरांचे कागद फुकट करून देतो, आणि एका कानाने ऐकू येत नाही म्हणून वाद घालणं सोपं झालंय असं लिहितो.

आणि पपा. सहा वर्षं मी त्यांना भरवलं, हे तू पाहिलंस. शेवटच्या वर्षी एकदा सूप भरवत होते. त्यांनी डाव्या हाताने चमचा बाजूला केला आणि सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाले, “किल्ली... आपल्या दोघांकडेच होती.” मी म्हटलं, “हो पपा.” त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. म्हणाले, “बरं केलंस.” थोड्या वेळाने म्हणाले, “त्याला लिही.” काय लिहू, ते विचारलं, पण पुढचे शब्द त्यांना सापडले नाहीत. मी लिहिलं नाही. त्यांचं नाव जपायचं म्हणून, असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे गावात मी ‘बिचारी, सोशिक युस्तिना’ होते, आणि ते मला सोडवत नव्हतं.

गेल्या रविवारी कॉफीनंतर तू मला एक कच्चं पत्र दिलंस, चांगल्या इंग्रजीत करून दे म्हणून. हाकोबोच्या नातवंडांनी एल्डनला पाहुणा म्हणून बोलावलंय, आणि त्याने तुला विचारलंय की आपल्या मंडळीत प्रभुभोजनाला बसता येईल का. तू सभ्यपणेच लिहिलं आहेस: अवश्य यावं, पण आधी मंडळीपुढे उभं राहून चोरीची कबुली द्यावी. कोर्नी, ते पत्र मी इंग्रजीत करणार नाही. एल्डन येईल, तू सांगशील तिथे उभा राहील आणि पुन्हा काही बोलणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून त्याच्या आधी मी उभी राहणार. या रविवारी, उपासना संपल्यावर. पपांचं ‘नाही’ही सांगेन आणि ‘बरं केलंस’ही. मला पुढे बोलावताना तुला त्रास होईल. तो आधीच व्हावा, घरात, हेलेनेजवळ, म्हणून हे पत्र. रागावलास तर रागव, पण रविवारी मंडळीच्या वडिलांच्या जागेवरून उठून जाऊ नकोस. एल्डनला मी कालच फोनवर कळवलं आहे की कशाचीही कबुली न देता ये. पुढच्या महिन्यात, सात तारखेच्या बसने तो येतोय आणि माझ्याकडेच उतरणार आहे. मागची खोली झाडून ठेवली आहे. लोक बोलतील. एक्काहत्तराव्या वर्षी माझ्याबद्दल कुणी काही बोलणार असेल, तर मला त्याचं वाईट वाटणार नाही.

तुझीच,
युस्तिना