सात मिनिटं आणि रिकामं जाळं

प्रिय लारिसा,

एप्रिलपासून तुझा फोन नाही. मीही केला नाही. आपल्या घराण्यात हट्टाला कधी तोटा नव्हता. तळं गोठलंय. परवा तुझ्या आईसारखे बटाट्याचं सारण भरून पेरोगी करायला गेलो, तर उकळत्या पाण्यात सगळे फुटले. तू असतीस तर म्हणाली असतीस, बाबा, कडा दाबताना तरी जरा धीर धरा.

काल केस कापायला ऑर्व्हिलकडे गेलो होतो. कात्रीबरोबर त्याची पैजांची वहीही चालते, तुला ठाऊकच आहे. त्यानं आइस हॉकीच्या अंतिम सामन्याचं पान काढून माझ्यापुढे धरलं. आपण एक-तीननं मागे, सात मिनिटं उरलेली, आपल्यावर भाव एकास वीस. तू प्रशिक्षकाच्या बाकावरून गोलकीपरला बाहेर बोलावून त्याच्या जागी सहावा गडी हल्ल्याला घातलास आणि त्यानं लगेच भाव एकास बारावर आणला. मला म्हणतो कसा, अहो म्हातारबा, सगळं गाव तुमच्या पोरीला शिव्या घालत होतं, तेव्हा घाम एकट्या मला फुटला होता!

चौदा सेकंदांत आपल्या रिकाम्या जाळ्यात गोल बसला, हे खरं. पण क्वचित साधणारी गोष्ट त्या दिवशी साधली नाही, म्हणून ती मूर्खपणाची ठरते का गं? बाकीचे प्रशिक्षक गोलकीपर काढायला शेवटच्या दीड मिनिटापर्यंत थांबतात आणि अब्रूनं हरतात. तू जिंकायला निघाली होतीस. हे मला न्हाव्यानं समजावून सांगावं! लाज वाटली मला.

एकवीस वर्षं मी त्याच जाळ्यापुढे उभा राहिलो, दोन दात तिथंच गमावले. ते रिकामं दिसलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तू मलाच हाकलून दिलंस, असं वाटलं.

आता संघाची समिती तुला परत बोलावतेय. शहाणपण सुचलं म्हणून नव्हे. नवा प्रशिक्षक ओळीनं नऊ सामने हरला, एवढंच. त्यांचं पत्र येईल. हो म्हणण्याआधी हे वाच. तुला काढायचं ठरलं ते समितीतल्या आम्हा नऊ जणांच्या पाच विरुद्ध चार चिठ्ठ्यांनी. पाचवी चिठ्ठी हॅल्व्हरची, असं तू धरून चाललीस. ज्यानं तुला बर्फावर उभं राहायला शिकवलं, त्याच्याशी बोलणं टाकलंस, आणि मी गप्प बसलो. पोरी, ती चिठ्ठी माझी होती. आधी त्याला फोन कर. मला नंतर, वाटलं तर.

तुझाच,
बाबा