लाल दिव्याची तार

१४ फेब्रुवारी

ती. दादा,

नमस्कार. इतके दिवस काही कळवलं नाही, माफ कर. आम्ही दोघं सुखरूप आहोत. बाबा वेळेवर जेवतात, हे आईला सांग. तिचा गुडघा कसा आहे?

तुझी गाडी चढावर बंद पडली. इंजिन इतकं तापलं की बॉनेटमधून वाफ यायला लागली. मेकॅनिकने आधी मलाच झापलं, "ताई, लाल दिवा लागला तेव्हाच थांबायचं ना!"

"लागलाच नाही हो."

त्याने डॅशबोर्ड उघडला. दिव्याची तार कापून टोकाला चिकटपट्टी लावलेली होती. पुन्हा सोडवायला सोपं जावं म्हणून पट्टीची कड आत दुमडलेली. अशी पट्टी आपल्या घरात फक्त तू लावतोस.

दिवा उगाचच लागत असेल म्हणून तू तार कापली असशील, असं मी मनाला समजावलं. पण रेडिएटरची गळती जुनी आहे, असं मेकॅनिक म्हणाला. तू सांगितलं असतंस तर आम्ही बसने आलो असतो. "गाडी ठणठणीत आहे" म्हणत बाबांना मागे बसवून तूच दार लावलंस ना?

बाबा मेकॅनिकला म्हणत होते, "मुलाने स्वतः तपासून दिलीय. त्याच्यासारखीच जरा लवकर तापते, एवढंच." सगळे हसले. मीही हसले, त्याची लाज वाटते.

आईला इतक्यात काही बोलू नकोस. वहिनीला नमस्कार.

तुझी धाकटी

(माझ्या वहीत) उद्या: बाबांना ती कापलेली तार दाखवायची.