नव्या कुलपाचं पोट

दादा,

तू आपली खोली परस्पर सोडून दिलीस, हे मला आज नव्या मालकाच्या तोंडून कळलं. वहिनींना अजून पत्ता नाही. गल्लीतली गिरणी जाऊन कॉफीचं दुकान आलं, तेव्हाच त्याचा आपल्या जिन्यावर डोळा होता.

वहिनी कामावर गेल्या तसा तो मला नाक्यावरचा किल्लीवाला म्हणून घेऊन वर आला; मी तुझा भाऊ, हे त्याला ठाऊक नाही. "कुलूप बदल. बाई परत आल्या की बाहेरच राहतील."

नाही म्हटलं असतं, तर त्याने दुसरा किल्लीवाला आणला असता. तो पाठ करून फोनवर बोलत होता, तेवढ्यात मी नव्या कुलपात आपल्या जुन्या कुलपाचं पोट, म्हणजे किल्ली फिरते तो आतला भाग, बसवलं. माझ्याजवळच्या जुन्या किल्लीवरूनच त्याला कोरी किल्ली घासून दिली. त्याने ती पुन्हापुन्हा फिरवून पाहिली.

"झकास," म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी वहिनींनी नेहमीच्याच किल्लीने दार उघडलं. "भावजी, कुलूप कसलं चकचकीत केलंत!"

"वहिनी, आधी आतून कडी लावा. मग सांगतो."

हे पत्र टाकणार नाही. तू लगेच मालकाला फोन करशील.

वहिनींचा दीर