पाच अटींचा उमेदवार

मनिला,
९ जानेवारी

ती. काकांस निदाचा सा. न. वि. वि.

तुमचं नाताळचं पत्र आणि काकूनं केळीच्या पानात बांधलेले गोड भाताचे सुमान एकदमच पोचले. आधी पत्र वाचलं असं लिहिणार होते, पण तुम्ही शिकवलेल्या मुलीनं खोटं कशाला लिहावं? आधी सुमान संपवले.

राष्ट्राध्यक्षपदाचे अर्ज घेणं सुरू झाल्यापासून आमच्या निवडणूक कार्यालयात पाय ठेवायला जागा नाही. अर्ज माझ्या टेबलावर आला की मी एक पानाचं टिपण लिहायचं: हा माणूस पदाला पात्र आहे, की ‘उपद्रवी उमेदवार’ म्हणून बाद करावा. परवा एक गृहस्थ काखेत कोंबडा घेऊन आले. उपाध्यक्षपदाच्या रकान्यात कोंबड्याचं नाव होतं. एक न्हावी निवडणुकीनंतर बरोबर दोन दिवसांनी चाळिशी पूर्ण करतो. दोन दिवसांचीही सूट नाही म्हटल्यावर बिचारा रडला. एकाचं आडनाव मोठ्या पुढाऱ्यासारखं, म्हणून कुणीतरी मुद्दाम उभं केलेलं. ही माणसं सोपी.

पण सुरिगाओची एक बाई आली होती. लहान बेटांवर डॉक्टर कसे राहतील, हे तिनं तासभर नीट समजावून सांगितलं. वेडी नाही, लबाड नाही. फक्त तिला कुणी ओळखत नाही. तिच्या टिपणात काय लिहू, म्हणून दोन दिवस अडले आणि शेवटी ‘देशभर प्रचाराचं बळ नाही’ असं लिहून मोकळी झाले. आमच्या वरिष्ठ लुस्त्रेबाई म्हणतात, या कामात फार विचार करणारे लवकर म्हातारे होतात.

गुडघा कसा आहे? बाजारात रोज कुणाशी ना कुणाशी भांडून येता, असं काकू लिहिते. आईबाबा गेल्यापासून मला तुम्ही दोघंच, तेव्हा माझ्यासाठी तरी आवाज जरा खाली ठेवा.

तुमची माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
निदा


सिबुयान,
२० जानेवारी

चि. निदा हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. ‘उपद्रवी’ हा शब्द कायद्यात कुणी घातला, ते कळव. कायदा लिहिणाऱ्यानं शब्द तोलून वापरावा. माझ्या वर्गातल्या पोरानं लिहिला असता तर खाली लाल रेघ मारली असती.

काही शंका आहेत. अर्ज हातानं लिहिला तर चालतो का? फोटो किती जुना असावा? पक्ष नसला तर तो रकाना रिकामा ठेवायचा, की रेघ मारायची? सुनावणी होते म्हणतेस, तिथे उमेदवाराला उभं राहून बोलावं लागतं की खुर्ची देतात? हे सगळं इथल्या एका गृहस्थांना हवंय. माणूस बरा आहे, जरा हट्टी आहे.

आणि मुख्य शंका. संविधानात अटी पाचच आहेत: जन्मानं इथला, मतदारयादीत नाव, लिहितावाचता येणारा, चाळीस पूर्ण, दहा वर्षं देशात राहिलेला. त्या सुरिगाओच्या बाईकडे या पाचही होत्या का? असतील तर ती अपात्र कशी?

गुडघा ठीक आहे. भांडत मी नाही, चुकीचं बोलणाऱ्याला सुधारतो. तुझ्या काकूला त्यातला फरक तीस वर्षांत कळला नाही.

अभ्यासाला बसल्यासारखं सावकाश उत्तर लिही.

तुझा काका,
तेओदुलो राबिनो


मनिला,
६ फेब्रुवारी

ती. काकांस सा. न. वि. वि.

काल शेवटच्या दिवशीचे अर्ज आले. वरून चौथ्या पाकिटावरचं अक्षर मी डोळे मिटूनही ओळखलं असतं. पक्षाच्या रकान्यात नीट पट्टीनं रेघ मारली आहे.

इथले एक गृहस्थ! मी तुम्हाला शंकांची उत्तरं म्हणून नमुन्याचा कोरा कागद पाठवला, आणि तुम्ही मला एका शब्दानं सांगितलं नाहीत. पाकीट तडक लुस्त्रेबाईंकडे नेलं, हे माझे काका आहेत म्हणून सांगितलं आणि त्या टेबलावरून बाजूला झाले. तुमची सुनावणी त्या आणि दुसरे वकील घेतील.

निकाल लागेपर्यंत या विषयावर मला एक अक्षरही लिहू नका. मी उत्तर देणार नाही, देऊ शकत नाही. रागावले आहे, हे तेवढं लिहिण्याची मुभा आहे.

निदा


सिबुयान,
१४ फेब्रुवारी

चि. निदास अनेक आशीर्वाद.

मी लेखणी हातात घेतली म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलंय हे तू ओळखलं असशीलच.

ह्यांनी मला काय सांगितलं, तर रोम्ब्लोनला डोळे तपासायला जातो. मी डबा बांधून दिला, होडीपर्यंत पोचवायला गेले. चार दिवसांनी हे आले ते जुनाच चष्मा घालून. अर्ज भरल्याचं मला कळलं कुणाकडून, तर सुक्या मासळीच्या बिदोंगकडून. भर बाजारात तो मला ‘या राष्ट्राध्यक्षीणबाई’ म्हणाला. आठवडाभर मासळी आणायला शेजारणीला पाठवलं.

मी विचारलं, या वयात हे काय खूळ? तर म्हणतात, खूळ नाही, पडताळा आहे. कसला पडताळा ते सांगत नाहीत. रात्री जेवून झालं की भाषण पाठ करतात आणि मला शंका विचारायला लावतात. मी विचारलं, तुम्ही राष्ट्राध्यक्ष झालात तर आपल्या परसातला नळ येईल का? तर म्हणाले, मुद्द्याचं बोल.

आता कामाचं. सुनावणीत ‘तुम्ही निवडून याल असं वाटतं का’ हे विचारतातच, असं ह्यांनी कुठूनसं ऐकलंय. हो म्हटलं तर खोटं होतं. नाही म्हटलं तर म्हणे अर्ज मनापासून केलेला नाही असं धरतात आणि जागेवर बाद करतात. दोन दिवस जेवणात लक्ष नाही. तुला विचारायचं नाही अशी शपथ ह्यांनी मला घातलीय. मी ती मोडतेय. काय म्हणायचं, एवढंच एका ओळीत लिही. मी माझ्याच मनचं म्हणून सांगेन.

मुली, ह्यांना तिथे कुणी हसू नये एवढं बघ.

तुझी काकू,
पुरिंग


मनिला,
१८ फेब्रुवारी

ती. काकूस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. त्या ओळीचं उत्तर मला माहीत आहे, म्हणूनच ते देता येत नाही. दुसऱ्या कुठल्याच अर्जदाराला मी ते सांगितलेलं नाही. मला शिव्या दे, चालेल.

काकांबरोबर गरम कपडा दे. सुनावणीच्या खोलीत फार गार असतं.

निदा


मनिला,
२७ फेब्रुवारी

ती. काकूस सा. न. वि. वि.

काका उद्याच्या बसनं निघतील, पण ते तुला सगळं सांगणार नाहीत. म्हणून मी लिहिते.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून नातेवाइकांच्या बाकावर बसले होते. काकांनी निवृत्तीच्या दिवशीचा बारोंग सदरा घातला होता. त्यांच्याआधीचा माणूस देवदूतानं पाठवला म्हणून आला होता. खोलीतले लोक हसून नुकते गप्प होत होते, तेवढ्यात यांचं नाव पुकारलं. टेबलाशी लुस्त्रेबाई आणि आणखी दोघे. पक्ष? नाही. प्रचाराची माणसं? नाही. देशातले किती प्रांत पाहिलेत? तीन, आणि त्यातला एक वादळात होडी तिकडे लागली म्हणून. यावर लोक हसले, काकू. पण काकाही हसले, म्हणून ते फार टोचलं नाही.

मग लुस्त्रेबाईंनी तोच प्रश्न विचारला. मी माझ्या चपलांकडे बघत बसले. मला त्या क्षणी काकांनी खोटं बोलावं असं वाटत होतं, हे तुलाच सांगते. ते म्हणाले, “नाही, बाई. मी निवडून येईन असं मला वाटत नाही. पण हे काम मला झेपेल का, हे तुम्ही अजून विचारलंच नाही.”

लुस्त्रेबाईंनी पेन खाली ठेवलं आणि तेही विचारलं. पंधरा वर्षांत त्यांना मी पेन खाली ठेवताना पाहिलं नव्हतं. काकांनी खरंच विचार केला. म्हणाले, “पहिलं वर्ष नाही झेपणार.”

यावेळी कुणी हसलं नाही. मग त्यांनी सांगितलं की अडतीस वर्षं त्यांनी दर जूनमध्ये पाच अटी फळ्यावर लिहिल्या आणि पोरांना सांगितलं, एवढं असेल तर तुमच्यातला कुणीही होऊ शकतो. निवृत्त झाल्यावर एके दिवशी मनात आलं की हे आपण कधी तपासूनच पाहिलं नाही. खोटं असेल तर इतक्या पोरांना खोटं शिकवलं. पोरांना तपासायला पाठवण्यापेक्षा आपणच जावं, म्हणून आलो.

निकाल टपालानं येईल. काय येईल ते त्यांना ठाऊक आहे, मलाही. नंतर आम्ही एका खानावळीत तिनोला, म्हणजे कोंबडीचा पातळ रस्सा आणि भात, जेवलो. त्यांनी दोनदा भात घेतला आणि वाढणाऱ्या मुलीच्या पाटीवरची एक चूक दाखवून दिली.

मी उत्तर दिलं नाही म्हणून तुझा राग असेल. असू दे, पण फार दिवस ठेवू नकोस.

तुझी,
निदा


सिबुयान,
१९ मार्च

चि. निदा हिस अनेक आशीर्वाद.

निकालाचा कागद आला. पाचही अटी पूर्ण आहेत असं पहिल्या परिच्छेदात मान्य केलंय, आणि तिसऱ्या परिच्छेदात मी उपद्रवी. कागदात शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत. तुझी काकू तो कागद जाळायला निघाली होती, मी मधे पडलो. पाच दिवसांत दाद मागता येते, मागणार नाही. हवं ते कळलं.

आता तुझ्यावरचं बंधन उठलं, म्हणून एकच विचारतो. ज्या आठ जणांचे अर्ज तुम्ही मंजूर केलेत, त्यांना सुनावणीत काय काय विचारलंत?

काका


मनिला,
२ एप्रिल

ती. काकांस सा. न. वि. वि.

काहीच विचारलं नाही. त्यांची सुनावणीच होत नाही. मोठ्या पक्षाची चिठ्ठी असली की आम्ही पाच अटी पाहतो आणि शिक्का मारतो. काम झेपेल का, हे त्या आठांपैकी एकालाही आमच्या खोलीत कुणी विचारलेलं नाही. इतकी वर्षं मी हे काम करते आणि तुमचं पत्र येईपर्यंत मला ते खटकलं नव्हतं. त्याची लाज वाटली.

सगळ्यांनाच तो प्रश्न विचारावा, असं टिपण लुस्त्रेबाईंना दिलंय. त्यांनी ते वाचलं, आणि पुढच्या निवडणुकीच्या वेळी आठवण कर म्हणाल्या. मी करीन.

तुम्हाला जे कळलं, त्याचं वाईट वाटतंय का? खरं लिहा.

निदा


सिबुयान,
१४ मे

चि. निदास अनेक आशीर्वाद.

सोमवारी मतदान झालं. तुझे काका तुला हे लिहिणार नाहीत, म्हणून पुन्हा मीच.

गेले दोन महिने हे घरोघर जाऊन सांगत होते की माझं नाव लिहू नका, मत फुकट जाईल, आठांतला कुणीतरी निवडा. कुणाचं काय चांगलं, काय वाईट, तेही सांगायचे. लोक हो म्हणायचे, लिंबाचं सरबत द्यायचे.

संध्याकाळी शाळेत मोजणी. क्रिसांता आता तिथे शिक्षिका आहे, ह्यांचीच विद्यार्थिनी. एकेक मतपत्रिका उघडून त्यावर हातानं लिहिलेलं नाव तिनं मोठ्यानं वाचायचं, असा नियम. सातवी की आठवी चिठ्ठी उघडली आणि ती थांबली. मग वाचलं, “राबिनो, तेओदुलो. वाया.” खिडकीतली पोरं खिदळली. थोड्या वेळानं पुन्हा, “राबिनो. वाया.” वीस झाली तेव्हा हसणं बंद झालं होतं. एक चिठ्ठी तिनं माझ्याकडे बघत वाचली, त्यात नुसतं ‘मास्तर’ लिहिलं होतं. तीही वाया. दोनशे चौतीसमध्ये एकसष्ट निघाली. धरली असती तर आपल्या केंद्रावर ह्यांचा दुसरा नंबर होता.

हे भिंतीला टेकून उभे होते. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. घरी येताना वाटेत विचारलं, तू माझं नाव लिहिलंस का? मी म्हटलं नाही, मोजलं जाईल असं नाव लिहिलं. हे बरंच अंतर चालले. मग म्हणाले, मीही नाही लिहिलं. आणि घराच्या पायरीशी थांबून म्हणाले, “पुरिंग, आपण दोघांनीही लिहिलं नाही. मग ते एकसष्ट जण कोण?”

तेव्हापासून बोलणं कमी झालंय. तू एक पत्र टाक.

काकू


सिबुयान,
२९ मे

चि. निदा हिस अनेक आशीर्वाद.

वाईट वाटतंय का, असं विचारलं होतंस. एप्रिलमध्ये वाटत होतं. आता दुसरीच अडचण आहे.

ती एकसष्ट माणसं कोण, हे मला कधीच कळणार नाही. चिठ्ठ्या गुप्त असतात, आणि असाव्यात. क्रिसांताला अक्षरं ओळखू आली असतील, पण ती सांगणार नाही. मी तिला तसंच शिकवलंय. मीच सगळ्यांना समजावून आलो होतो की मत वाया जाईल. ते ऐकून, समजून घेऊन, तरीही त्यांनी लिहिलं.

बिदोंगच्या तराजूवरून मी त्याच्याशी बारा वर्षं भांडतोय. परवा त्यानं पुन्हा काटा बोटानं दाबला. मी तोंड उघडलं, आणि मनात आलं, हा त्यातला असला तर? त्याच्या मुलीच्या शाळेची चौकशी केली आणि पुडी घेऊन घरी आलो. काकूनं कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. काल होडीवाल्याशी तेच, आज पाद्रीबाबांशी तेच. यादी मिळायची सोय नाही, तेव्हा सगळ्यांशीच नीट बोलावं लागतंय. सवय नाही, संध्याकाळपर्यंत दमून जातो.

रजा मिळाली की ये. आम्हा दोघांचा जीव तुझ्यात आहे, तो तिथे जपून ठेव.

तुझा काका,
तेओदुलो