गाण्यातून मराठी आणि योगेशचं जेवण

जबलपूर

चि. श्रीरंग यास भय्यासाहेबाचे अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? सिहोऱ्याची हवा बरी असेल. इथली बिघडली आहे, त्यातही रविवारी सकाळी फार.

महाराष्ट्र मंडळातला मुलांचा रविवारचा मराठी वर्ग माझ्याकडून काढून घेतला. कार्यवाह योगेशचं म्हणणं, पोरांना मराठी समजते पण बोलता येत नाही, तेव्हा यापुढे विनीताबाई सिनेमाची गाणी लावून शिकवतील. (मी इतकी वर्षं विभक्ती शिकवली. कोणी बोलायला लागलं नाही हे खरं, पण चतुर्थी कोणाची चुकली नाही.) वर्ग बघून आलो. बाई स्पीकर लावतात, दुधाचे दात पडलेली पोरं छातीवर हात ठेवून विरहात बुडतात आणि मग त्याच ओळी एकमेकांना ऐकवतात. याला म्हणे संभाषण म्हणायचं. आपल्या वेळी याला वात्रटपणा म्हणत आणि कान पिळत.

आपला अनिमेष तिथला हिरा. (हाच नातू आजवर माझ्या मराठीला हिंदीत उत्तर देत आला.) गुरुवारी योगेश वर्गाच्या कपाटाची किल्ली न्यायला आला. मी त्याला दारातूनच वाटेला लावणार होतो. पण बाईंनी घरी करायला दिलं होतं, की पाहुण्याशी मराठीत बोला. अनिमेष पुढे झाला आणि हात छातीवर ठेवून म्हणाला, "किती वाट पाहायला लावली. आता मला सोडून कुठेच जाऊ नका." योगेशचे डोळे भरून आले. त्याला स्वतःच्या घरीही असं कोणी म्हणत नसावं. तो बसला. तुझ्या वहिनीने, कुंदाने, भरली वांगी केली होती, ती माझ्या वाटणीसकट संपवली आणि हात धुता धुता बाईंची पद्धत यशस्वी ठरल्याचं जाहीर केलं. किल्ली नेलीच. मी अनिमेषशी अबोला धरला.

असली मराठी बोलण्यापेक्षा मुकं राहिलेलं बरं, हे माझं मत तिकडे सगळ्यांना सांग.

तुझा,
भय्यासाहेब

ता. क. काल अनिमेष माझ्या खुर्चीपाशी आला. "आबा, तुम्ही माझ्याशी बोलून नाही राहिले. काहून?" हे वाक्य कुठल्याही गाण्यातलं नव्हतं. मला इतकं भरून आलं की तोंडून निघालं, "अरे नहीं बेटा, ऐसी कोई बात नहीं." तो म्हणाला, "आबा, मराठीत सांगा ना."

आणखी एक. तुझी ढोलकी रविवारच्या आत बसने पाठव. विनीताबाईंना वाजवणारा हवा आहे, आणि मला त्या वर्गात बसायला काहीतरी निमित्त.