प्रार्थनेच्या पुस्तकातलं शेवटचं पान

पप्पा, तुमच्या नातीला भूक लागते, ताप येतो, माझ्या बोलण्याचा राग येतो. फक्त कागदावर ती नाही. एकोणीस वर्षांची झाली. काल मी तिला म्हटलं, "अगं, या वेळी नियम बदललेत. कागदांशिवाय राहणाऱ्यांना माफीची मुदत आहे, तोवर अर्ज केला तर दंड नाही, बंदी नाही, इथे राहूनही कागद करता येतील." मोबाईलमधून मान वर न काढता ती म्हणाली, "मम्मा, आय डोन्ट एक्झिस्ट. रिलॅक्स." जीभ माझीच घेतलीय. तेवढ्याला पुरावा लागत नाही.

आणि तिची आई काय करते, तर टायपिंग सेंटरमध्ये बसून जगाचे व्हिसाचे अर्ज भरते. माझ्या हातून गेलेल्या अर्जांवर लोकांनी बायका आणल्या, सासवा आणल्या, एकाने तर पोपट आणला. पोपटाकडेही जन्मतारखेसकट कागद होता. मी ती तारीख दोनदा तपासून टाईप केली आणि घरी येऊन नेहमीसारखं दार आतून लावून घेतलं.

उम्म अल कुवैनची ती खोली आठवते ना? तुमचे जावई कामावर गेले ते गेलेच. माझा व्हिसा संपलेला. लग्नाच्या दाखल्यावर इथला शिक्का नाही. इस्पितळात आधी तोच दाखला मागतील, या भीतीने मी खोलीतच बाळंत होते आहे. शेजारची रत्नागिरीची खाला माझा हात धरून "बस, झालं, झालं" म्हणतेय, तुम्ही कंपनीच्या मेसमधून ॲप्रनसकट धावत आलाय. पोरगी निळी पडलेली, रडत नाही. फादरला बोलवायला वेळ नाही. जीव जात असेल तर बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतो, हे आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक. पण उन्हाळ्यात इथला नळ उकळतं पाणी देतो, म्हणून तुम्ही स्टीलच्या पेल्यात फ्रीजमधलं पाणी मिसळलंत, बोट घालून पाहिलंत आणि तिच्या टाळूवर ओतलंत. ती किंचाळली. मग तुम्ही प्रार्थनेच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तिचं नाव, माझं नाव, तारीख, वेळ, इमारत, खोलीचा नंबर, सगळं लिहून खाली सही केलीत. "झाली नोंद. आता रडू नकोस, बाय."

तुम्हाला खरंच तसं वाटत होतं. वसईत तुमचा स्वतःचा पासपोर्ट चर्चच्या वहीतल्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर निघाला होता. देवाकडे नाव लागलं, सरकारकडे काय, सावकाश लावू. देव, तुम्ही आणि मी, आपण तिघांनीही सावकाश घेतलं. पुढे मला नोकरी मिळाली, माझे कागद सरळ झाले. तेव्हा दोन वर्षांची मुलगी अचानक कुठून काढून दाखवायची? तुम्ही निवृत्त होऊन वसईला गेलात. दर रविवारी फोनवर विचारायचात, "पुस्तक सांभाळलंयस ना?" मी म्हणायचे, "हो पप्पा, आहे." पुस्तक आहेच. पान नाही.

एका दुपारी इमारतीत तपासणीला माणसं आली. मजल्यामजल्यावर बूट वाजत होते. मी ते पान फाडलं, तुकडे केले आणि संडासात टाकून पाणी सोडलं. माणसं लिफ्ट तपासायला आली होती, पप्पा. लिफ्ट उत्तम निघाली.

आज कागदपत्रांच्या काउंटरवरचा केरळी माणूस भला होता. म्हणाला, "मॅडम, माँ आप हो, वो टेस्ट से साबित हो जाएगा. लेकिन बच्ची यहीं पैदा हुई, इसका उस टाइम का कुछ भी लाओ. चिट्ठी, डायरी, कुछ भी." खाला कधीच वारली, आणि आता तुम्हीही नाही. मुदत संपायला अकरा दिवस आहेत. नाही जमलं तर तिला इथून जावं लागेल, जिथे ती कधी गेलेली नाही त्या घरी. बाहेर येताना तिने विचारलं, "व्हॉट इज वसई लाइक?" मी विहिरी, केळी, फुलांच्या वाड्या असं बरंच सांगितलं. "देन व्हाय डिड यू लीव्ह?" आम्ही ऊद मेथ्यातल्या इंडियन शाळेवरून चाललो होतो, शाळा नुकतीच सुटली होती. मी म्हटलं, "यल्ला, लवकर चल, बस चुकेल."

तुमची सही मला सातवीपासून येते. प्रगतिपुस्तकावर दोनदा खपली, तिसऱ्यांदा सापडले. तुम्ही सुट्टीवर आला होतात, स्वयंपाकघरात बोंबील साफ करत होतात. हातही न धुता म्हणालात, "मार्क कमी पडले तर चालतात, बाय. खोटं अक्षर चालत नाही." ओरडला असतात तर विसरले असते.

पुस्तक समोर उघडं आहे. मागे अजून एक कोरं पान शिल्लक आहे, पिवळं पडलेलं, शोभेल असं. आणि हे पत्र मी तुमच्याशी बोलायला म्हणून लिहायला घेतलं नव्हतं. पहिल्या चार ओळी नीट बघा, पप्पा. त्या तुमच्या अक्षरात आहेत.